एका रात्रीच्या डॉक्टरचा भाव

२०२० च्या उन्हाळ्यात, करोनाची पहिली लाट वर चढत असताना, राज्य सरकारने कंत्राटी आणि बंधपत्रित डॉक्टरांचं मानधन वाढवलं. आदिवासी भागातल्या एमबीबीएस डॉक्टरला ६० हजारांऐवजी ७५ हजार आणि तिथल्याच विशेषज्ञाला ७० ऐवजी ८५ हजार. इतर भागांत एमबीबीएसला ५५ ऐवजी ७०, विशेषज्ञाला ६५ ऐवजी ८०. बातमी झाली ती सरसकट पंधरा हजारांच्या वाढीची. खरी गंमत मात्र आकड्यांच्या वजाबाकीत होती, आणि ती वाढीच्या आधीही तीच होती, नंतरही तीच राहिली. विशेषज्ञ वजा एमबीबीएस, बाकी दहा हजार. आदिवासी भाग वजा इतर भाग, बाकी पाच हजार.

म्हणजे एमबीबीएसनंतर प्रवेश परीक्षेच्या चाळणीतून जाऊन आणखी तीन वर्षं वॉर्डात रात्री काढल्या, तर त्याचे महिन्याला दहा हजार. आणि सातारा सोडून धडगावला गेलात, तर पाच. एवढ्यात दर आठवड्याला घरी जाऊन येण्याचं गाडीभाडं तरी सुटतं का, हा हिशेब कुणी केला असेल असं वाटत नाही.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, याच सरकारच्या दुसऱ्या खात्याने, वैद्यकीय शिक्षण संचालनालयाने, केरळला पत्र लिहिलं. मुंबईत माणसं कमी पडत होती. ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका तात्पुरत्या पाठवा, अशी विनंती होती. मोबदलाही पत्रातच नमूद होता. एमबीबीएसला महिना ८० हजार, एमडी-एमएस झालेल्याला २ लाख, परिचारिकेला ३० हजार. केरळचं पथक आलंही आणि अंधेरीच्या सेव्हन हिल्समध्ये कामाला लागलं. आता ही वजाबाकी करून पाहा. एमबीबीएस आणि विशेषज्ञ यांच्यातलं अंतर इथे एक लाख वीस हजार आहे. एक राज्य, एक साथ, जवळपास तेच आठवडे. एमडी पदवीची किंमत मुंबईत गडचिरोलीच्या बारापट झाली. गडचिरोलीतला एमडी काही कमी शिकलेला नव्हता. मुंबईत माणूस आजच्या आज हवा होता, आणि तो नसता तर ते सगळ्या देशाला दिसलं असतं.

तात्पुरत्या डॉक्टरचा दर समजून घ्यायचा तर मला ही दोन पत्रकं शेजारी ठेवणं पुरेसं वाटतं. हा दर ज्ञानाचा नसतो. डॉक्टर ज्या जागी जाणार तिथे काय काय नाही, त्याची ती किंमत असते. आणि ती ठरवणारा माणूस जितका त्या जागेपासून लांब बसलेला, तितका आकडा चुकतो.

आधी सरकारी बाजू पाहू. राज्य सेवेतल्या गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्याचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं. त्यावर ३५ टक्के व्यवसायरोध भत्ता धरला की ७५,७३५ होतात. महागाई भत्ता आणि बाकीचं त्यावर वेगळं. सगळं मिळून रक्कम लाखाच्या पलीकडे जाते. शेजारच्याच टेबलावर, तीच ओपीडी काढणाऱ्या, तेच शवविच्छेदन करणाऱ्या, राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी एमबीबीएसचा जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा ६० हजार. भत्ता नाही, पदोन्नती नाही, निवृत्तिवेतन नाही. अकरा महिन्यांचा आदेश, मग तांत्रिक खंड, मग पुन्हा आदेश.

जगात बहुतेक ठिकाणी याच्या उलट असतं. तात्पुरता माणूस महाग पडतो, कारण नोकरीची शाश्वती, रजा, म्हातारपणाची सोय हे सगळं त्याला तासाच्या दरातूनच वसूल करायचं असतं. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत एजन्सीच्या डॉक्टरांवरचा खर्च इतका वाढला, की नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने त्यावर कमाल मर्यादा घातली. एप्रिल २०१६ पासून ती मर्यादा कायम डॉक्टरच्या दराच्या वर ५५ टक्के अशी ठरली. हे ५५ टक्के हवेतून आलेले नव्हते. रजेचे पैसे, मालकाचा विमा हप्ता, पेन्शन आणि एजन्सीचं कमिशन यांची ती बेरीज होती. रुग्णाच्या जिवाला धोका असेल तर रुग्णालयाला मर्यादा ओलांडायची मुभा होती आणि ती भरपूर वापरली गेली. भांडण तिथेही आहे, पण ते तात्पुरता डॉक्टर किती महाग असावा यावर. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात तात्पुरता म्हणजे स्वस्त, असं समीकरण बसलेलं आहे. तात्पुरता हा शब्दही तसा नावालाच. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झालं. त्याच्या पहिल्या काही वर्षांत अकरा महिन्यांवर लागलेली माणसं केस पांढरे होईपर्यंत अकरा महिन्यांवरच राहिली. २०२३ च्या शेवटाला त्यांचा महिनाभराहून लांबलेला संप झाला. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने दहा वर्षं सेवा झालेल्यांच्या समावेशनाचा मार्ग काढला, आणि त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संप झाला.

या उतरंडीची अगदी खालची पायरी मेळघाट, नंदुरबार, गडचिरोलीच्या पाड्यांवर सापडते. नवसंजीवनी योजनेतल्या भरारी पथकांचे डॉक्टर बहुतेक बीएएमएस. पद ‘मानसेवी वैद्यकीय अधिकारी’. जिथे जीप जाते तिथपर्यंत जीपने आणि पुढे पायी, असं त्यांचं काम. कुपोषित मुलं शोधायची, बाळंतिणी पाहायच्या, पावसाळ्यात साथ आली की तिथेच मुक्काम ठोकायचा. २०२१ पर्यंत त्यांना महिन्याला २४ हजार मिळत होते, मग ४० हजार झाले. सर्वांत अवघड जागेला एवढा कमी दर, आणि पदाच्या नावात वर ‘मान’. पुण्यात संध्याकाळच्या आपला दवाखान्यात दुपारी दोन ते रात्री दहा बसणाऱ्या एमबीबीएसला ६० हजार मिळतात आणि रात्री तो आपल्या घरी झोपतो. त्याचा हेवा करायचं कारण नाही, त्यालाही पुण्यात घरभाडं आहेच. पण शहर आणि रान यांच्यातला फरक दराच्या तक्त्यात शोधू गेलं तर तो उलटाच लागलेला दिसतो, एवढं खरं.

आता खासगी बाजार. इथे भाव बोलून ठरतो आणि तो कुठे लिहिलेला नसतो.

तालुक्याच्या गावातलं पंधरा-वीस खाटांचं रुग्णालय घ्या. मालक स्त्रीरोगतज्ज्ञ, बहुधा नवरा सर्जन किंवा बालरोगतज्ज्ञ. सिझेरियन करायचं तर भूलतज्ज्ञ लागतो आणि तो पगारावर ठेवणं परवडत नाही, कारण केसेस तेवढ्या नसतात. मग ‘कॉल’वर बोलवायचा. त्या भागातला भूलतज्ज्ञ एकाच रुग्णालयाचा नसतो, आठ-दहा रुग्णालयांचा असतो. गाडीच्या डिकीत त्याची बॅग तयार असते: लॅरिंजोस्कोप, ट्यूब, स्पायनलच्या सुया, आणीबाणीची औषधं. कारण पोहोचू तिथे काय असेल याची खात्री नसते. सकाळी एका गावात हर्निया, दुपारी तिसऱ्या गावात मोतीबिंदूसाठी नुसतं थांबायचं, रात्री दीडला फोन: सर, बाळाचे ठोके उतरलेत, निघता का? त्याची फी परंपरेने सर्जनच्या फीचा हिस्सा म्हणून मोजली जाते, साधारण पाव ते एक तृतीयांश. रात्रीचे जास्त, रविवारचे जास्त, अंतर लांब असेल तर पेट्रोल वेगळं. पैसे कधी हातोहात, कधी महिनाअखेर. आणि महिनाअखेरीस हिशेब मागताना कोण कुणाच्या उपकारात आहे हे पुन्हा तपासलं जातं.

या फीच्या पद्धतीत एक जुनी खोच आहे. सर्जनने पॅकेज कमी केलं की भूलतज्ज्ञाचा वाटा आपोआप घटतो, त्याचं काम मात्र तसूभरही घटत नाही. दम्याच्या, लठ्ठ, पोटभर जेवून आलेल्या बाईला भूल देणं हे सर्जरीच्या दरावर अवलंबून नसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा दर सरकार ठरवतं, आणि त्या पॅकेजात भूलतज्ज्ञाला किती द्यायचं ते रुग्णालय ठरवतं. म्हणून संघटनांच्या बैठकांत तासावर दर घ्या, जोखमीच्या श्रेणीवर घ्या, अशी मागणी वर्षानुवर्षं होते. पण ज्या गावात दोनच भूलतज्ज्ञ आहेत तिथे ते ठरवतील तो दर, आणि ज्या शहरात दोनशे आहेत तिथे रुग्णालय ठरवेल तो, हे बैठकीत बसलेल्या सगळ्यांनाच ठाऊक असतं.

भूलतज्ज्ञच इतका ‘फिरता’ का, याचं उत्तर त्याच्या कामाच्या घडणीत आहे. त्याचे स्वतःचे रुग्ण नसतात. फॅमिली डॉक्टरचा दवाखाना महिनाभर बंद राहिला तर पेशंट शेजारच्याकडे जातो आणि परत येईलच याची शाश्वती नसते. म्हणून तो सुट्टीवर जाताना कुणा नवशिक्या मित्राला ‘जरा दवाखान्यात बस’ म्हणतो, आणि तिथे दरापेक्षा विश्वास मोठा असतो. भूलतज्ज्ञाचं तसं नाही. त्याची सेवा सुटी करता येते, तासात मोजता येते, एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते. रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्टचंही थोडंफार तसंच. उलट मधुमेहाच्या फिजिशियनला एक दिवसासाठी बोलावून उपयोग नाही. त्याचं औषध पुढच्या भेटीत कळतं.

यात कायदा मध्ये आला की दर उडी घेतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी घातली. योग्यच केलं. पण त्यामुळे ज्या गावात मानसोपचारतज्ज्ञाला भूलतज्ज्ञ मिळत नाही तिथे तो उपचारच बंद झाला, किंवा भूलतज्ज्ञाच्या वेळेप्रमाणे होऊ लागला. सोनोग्राफीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी पहिला कायदा करणारं राज्य महाराष्ट्रच, १९८८ साली. पुढे केंद्राचा कायदा आला, आणि २०१२ च्या नियमांनुसार एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करता येते. केंद्रातला डॉक्टर बदलायचा असेल तर तीस दिवस आधी कळवायचं. आता रेडिओलॉजिस्ट बाई स्वतःच वेळेआधी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, किंवा कुणाचे वडील एकाएकी आजारी पडले, तर तीस दिवस आधी कसं कळवणार? बदली डॉक्टर दारात उभा असला तरी यंत्राला हात लावू शकत नाही. मग केंद्र बंद ठेवायचं, किंवा ज्याचं नाव आधीच नोंदलेलं आहे त्याच्या दराला हो म्हणायचं. एमआरआयची चित्रं नागपूरहून पुण्याला क्षणात जातात आणि तिकडून अहवाल येतो. म्हणून त्या वाचनाचा दर घसरत गेला. पोटावर प्रोब ठेवणारा हात मात्र जागेवरच लागतो, आणि त्याची टंचाई कायद्याने आणखी घट्ट केली. हा कायदा नको असं मी म्हणत नाही. मुली वाचवायच्या होत्या. पण दर कसे चढतात हे बघताना त्याची किंमत कोण भरतंय हेही दिसावं: तालुक्यातली गरोदर बाई, एसटीचं तिकीट काढून.

ग्रामीण रुग्णालयात, म्हणजे तीस खाटांच्या सरकारी दवाखान्यात, हाच टंचाईचा प्रश्न उघडा पडतो. तिथे सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ असावेत असा नियम. ३१ मार्च २०२२ ची केंद्राची ग्रामीण आरोग्य आकडेवारी सांगते, की देशभरातल्या अशा केंद्रांत गरजेच्या तुलनेत ८३.२ टक्के सर्जन, ७४.२ टक्के स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ८१.६ टक्के बालरोगतज्ज्ञ कमी होते. पाचातले चार नाहीत. जे नाही ते बाहेरून आणायचं म्हणून जननी सुरक्षा योजनेत सुरुवातीपासूनच तरतूद होती. सिझेरियनसाठी खासगी तज्ज्ञ बोलावला तर प्रत्येक बाळंतपणामागे १,५०० रुपयांपर्यंत. या पंधराशेत किती मैल, किती वाजता आणि किती जण, याचा विचार नाही. पावसात रात्री चाळीस किलोमीटर गाडी हाकून येणाऱ्या भूलतज्ज्ञाने हे पैसे घेतले काय आणि सोडले काय! तो आला तर ओळखीखातर येतो. तो नाही आला तर बाईला अँब्युलन्समध्ये घालून जिल्ह्याला पाठवतात.

दुसरा उपाय निघाला तो तज्ज्ञ बनवण्याचा. एमबीबीएस डॉक्टरला अठरा आठवडे जीवरक्षक भूलशास्त्राचं प्रशिक्षण, दुसऱ्याला सोळा आठवडे सिझेरियनचं. कागदावर दोघांची जोडी जुळते. पुढे एकाची बदली होते. भूल देणारा एका तालुक्यात आणि सिझेरियन करणारा दुसऱ्या, असं झालं की दोघेही पुन्हा खोकल्याच्या गोळ्या लिहायला मोकळे.

तिसरा उपाय मात्र सरकारी कागदात वाचताना दचकायला होतं, इतका बाजारी आहे: तुम्ही आकडा सांगा, आम्ही देतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने राज्यांना तज्ज्ञांशी वाटाघाटी करून पगार ठरवायची मुभा याच नावाने दिली. ज्या खात्याने साठ हजारांच्या वर एक रुपया द्यायला वित्त विभागाची सही लागते असं वर्षानुवर्षं सांगितलं, त्यानेच लिलाव उलटा मांडला. गडचिरोलीच्या कडेने इंद्रावती वाहते. पलीकडे छत्तीसगडचा बीजापूर. तिथल्या जिल्हा प्रशासनाने खाणींच्या पैशातून उभ्या राहिलेल्या जिल्हा खनिज निधीतून तज्ज्ञांना भरघोस पगार देऊन जिल्हा रुग्णालय हलतं केलं, आणि ते देशभर गाजलं. नक्षलग्रस्त जिल्ह्यात शस्त्रक्रिया होऊ लागल्या. पैसा कामी येतो, हे त्यातून सिद्ध झालं. पण त्याबरोबर घरं बांधली गेली, यंत्रं आली, आणि एकाच वेळी अनेक डॉक्टर आले, हे कौतुकाच्या बातम्यांत मागे पडलं. एकट्या सर्जनला पाच लाख दिले असते तर तो आला असता, आणि भूलतज्ज्ञ नाही म्हणून महिनाभरात परतलाही असता.

पैशाऐवजी मार्कांत पगार देण्याचीही एक पद्धत आहे, आणि माझ्या मते आजवरची ती सर्वांत परिणामकारक. सेवेतल्या डॉक्टरने दुर्गम भागात काढलेल्या प्रत्येक वर्षामागे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत मिळालेल्या गुणांच्या दहा टक्के, आणि जास्तीत जास्त तीस टक्के, वाढीव गुण देता येतात. तीस टक्के गुणांनी रेडिओलॉजीची जागा मिळू शकते. तिची बाजारातली किंमत पाहता भामरागडची तीन वर्षं स्वस्तात पडली. फक्त यातून गावाला मिळतो तो कायम जाण्याच्या तयारीत असलेला, पुस्तकात डोकं घातलेला तरुण डॉक्टर. बंधपत्राचंही तेच. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख भरायचे. पदव्युत्तरला पन्नास लाख, अतिविशेषज्ञाला दोन कोटी. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये अशी बंधपत्रं वैध ठरवली. एमबीबीएसचे दहा लाख म्हणजे त्या वर्षाच्या मानधनाहून थोडे जास्त. ज्याच्या बापाकडे आहेत तो भरतो आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या क्लासला जातो. ज्याच्याकडे नाहीत तो जातो, आणि गावातल्या आशाताईंची नावं पाठ होईपर्यंत त्याचं वर्ष संपतं.

अमेरिकेत बदली डॉक्टरांचा आज प्रचंड मोठा धंदा आहे. तासावर दर, विमानाचं तिकीट, हॉटेल, चुकीच्या उपचाराचा विमा, सगळं एजन्सीकडे. त्याची सुरुवात १९७९ साली युटामध्ये दोन डॉक्टरांनी केली, थेरस कोल्फ आणि अ‍ॅलन क्रॉनहाउस. यातला कोल्फ हा कृत्रिम मूत्रपिंड बनवणाऱ्या विलेम कोल्फ यांचा मुलगा. पश्चिमेकडच्या विरळ वस्तीच्या गावांतल्या दवाखान्यांना डॉक्टर पुरवणं, हा मूळ हेतू. नफा पुढे आला. तिथल्या सरकारी विम्याचा, मेडिकेअरचा, नियमही असा, की रजेवरच्या डॉक्टरच्या जागी सलग साठ दिवसांपर्यंत दुसऱ्याने काम केलं तरी बिल मूळ डॉक्टरच्या नावाने जातं. त्या व्यवस्थेत खेड्यातल्या डॉक्टरला रजा घेता येते, ही बाब मला दराहून मोठी वाटते. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याला बहिणीच्या लग्नाला जायचं तर शेजारच्या केंद्राच्या डॉक्टरचे पाय धरावे लागतात. त्याच्या जागी दोन दिवस बसणाऱ्या डॉक्टरसाठी कुठल्याच लेखाशीर्षात पैसे नाहीत.

गडचिरोलीत हेमलकशाच्या आणि शोधग्रामच्या सेवाभावी रुग्णालयांत वर्षानुवर्षं शस्त्रक्रियांची शिबिरं होतात. नागपूर-मुंबई-पुण्याचे सर्जन, भूलतज्ज्ञ स्वतःच्या खर्चाने येतात आणि एक पैसा घेत नाहीत. परत गेल्यावर हीच माणसं आपल्या शहरात रविवारच्या केसचा जादा दर लावतात. यात ढोंग नाही. शिबिरात ऑपरेशन थिएटर तयार असतं, नर्सांना काम ठाऊक असतं, रुग्ण आधी तपासून ठेवलेले असतात, रात्री पाठीशी कुणी असतं. एकट्याने रात्री दोन वाजता, रक्तपेढीपासून ऐंशी किलोमीटरवर, बाहेर जमाव असताना पोट उघडायचं, याचा भाव वेगळा. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात तो कुठल्या कपाटात आहे हे विचारून पाहावं.

मेळघाटात दर पावसाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यांतले बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ पंधरा-पंधरा दिवसांसाठी पाठवले जातात. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत ते धारणीला पोहोचतात, वॉर्ड समजून घेईपर्यंत पहिला आठवडा जातो, दुसऱ्यात सामान बांधायचं. तिथली कोरकू भाषा येत नाही. त्यांच्या मूळ गावात त्या पंधरा दिवसांत त्यांचीच ओपीडी बंद असते, म्हणजे एका जागेची उणीव दुसऱ्या जागी सरकवलेली. बालमृत्यूंवरच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयात कित्येक वर्षं चालू आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने, तिथे जाणाऱ्या डॉक्टरांना जास्त मोबदला देण्याचा विचार करा, असंही सुचवलं. द्यावाच. पाच हजारांच्या फरकावर कुणी सही केली त्याला एकदा त्या रस्त्याने न्यावं, हीही माझी सूचना.

पण आकडा वाढवताना जाहिरातीचा नमुनाही बदलायला हवा. ‘थेट मुलाखत’ म्हणून जिल्हा परिषदेच्या फळ्यावर लागणाऱ्या तक्त्यात पदाचं नाव, शैक्षणिक अर्हता, पदसंख्या आणि मानधन असे चार रकाने असतात. त्यात आणखी तीन घाला: तिथे दुसरा डॉक्टर आहे का, रक्त कुठून आणि किती वेळात येतं, आणि राहायच्या घराला दार-खिडक्या आहेत का. हे तीन रकाने खरेखुरे भरले, तर चौथ्यातल्या आकड्याबद्दल डॉक्टरशी घासाघीस करायला निदान तोंड राहील.